एकच प्रत : पेडण्याचं हस्तलिखित, डिचोलीचा झेरॉक्स अंक आणि भाचीचं 'झीन'

पोस्ट लांब झाली आहे, आधीच सांगते. सवडीनं वाचा. मागे इथं कोणीतरी शाळेतल्या सरस्वतीपूजनाची आठवण लिहिली होती, तेव्हापासून हे डोक्यात घोळत होतं.

गेल्या चवथीला माझी भाची डिचोलीला आमच्या घरी आली. पणजीला शिकते. तिनं पिशवीतून तळहाताएवढी एक पुस्तिका काढून माझ्या हातात ठेवली. एकच कागद, मधोमध एक काप दिलेला आणि घड्या अशा घातलेल्या की त्याची आठ पानं व्हावीत. शिवण नाही, पिन नाही. आत तिनं स्वतःच्या अक्षरात रोजच्या बसप्रवासाविषयी लिहिलं होतं, पेनानं चित्रं काढली होती. किंमत नाही, प्रकाशक नाही.

"मावशी, हें झीन," ती म्हणाली. "आम्ही मित्रमैत्रिणी करतो. झेरॉक्स काढायची आणि वाटायची. कोणाला दिलं की बदल्यात त्याचं घ्यायचं. कधी एकट्यानं करायचं, कधी सगळ्यांनी एकेक पान द्यायचं आणि एकत्र बांधायचं."

मी उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हटलं, "अगो, हें आमचें हस्तलिखित न्हय?"

ती हसली. मावशीला सगळ्यात आपलं जुनं दिसतं, असं तिला वाटलं असणार. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण हस्तलिखित म्हटलं की मला एका मुलाचं एक पान आठवतं, आणि त्या पानाचं मी काय केलं तेही.

मी पेडण्याची. १९७६ साली नववीत होते. आमच्या शाळेत दरवर्षी हस्तलिखित निघायचं आणि सरस्वतीपूजनाच्या दिवशी पाहुण्यांच्या हस्ते त्याचं प्रकाशन व्हायचं. प्रकाशन म्हणजे काय, तर लाल रिबिनीत बांधलेली एकुलती एक प्रत पाहुणे सोडवणार, चार पानं उलटणार, "छान, छान" म्हणणार. मग ती प्रत वर्गावर्गांतून फिरणार, शिक्षकांच्या घरी जाणार, आणि शेवटी कपाटात.

तयारी मात्र दोन महिने आधीपासून. फुलस्केप कागद आणायचे, पेन्सिलीनं समास आणि ओळी आखायच्या. शाईची पूड पाण्यात कालवायची. शीर्षकं बोरूनं, मजकूर टाकानं. दौत लवंडली तर टीपकागद घेऊन धावायचं, कारण एक पान बिघडलं की पाठपोट दोन्ही पुन्हा लिहावी लागत. बांधणीला मैद्याची खळ शिजवायची आणि तिच्यात चिमूटभर मोरचूद घालायचा, म्हणजे कसर आणि झुरळं लागत नाहीत. मुखपृष्ठावर उगवता सूर्य, माड आणि होडी ठरलेली. नाव 'अंकुर' नाहीतर 'कळ्या'. तुमच्यापैकी अर्ध्या जणांच्या शाळेतही हेच असेल, शप्पत!

आज वाटतं, केवढा हा खटाटोप एका प्रतीसाठी! पण तो का होता हे समजायला आपल्या भागाचा थोडा इतिहास पाहायला हवा.

छपाईच्या बाबतीत गोव्याचा मान मोठा. आशियातलं पहिलं छापखान्याचं यंत्र १५५६ साली जुन्या गोव्यात आलं. फादर थॉमस स्टीफन्सचं मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला छापलं गेलं, तेही रोमी अक्षरांत. पण पुढे हे सगळं आटलं. १६८४ साली स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचं फर्मान निघालं. छपाई जी थांबली ती १८२१ साली सरकारी 'गॅझेट' निघेपर्यंत थांबलेलीच. म्हणजे ज्या भूमीवर पहिला छापखाना आला, तिथं पुढे काही पिढ्या माणसांचं वाचन छापील कागदावर नव्हतंच.

पेडणे आणि डिचोलीची गोष्ट आणखी वेगळी. आपण नव्या काबिजादीतले. डिचोली १७८१ साली पोर्तुगीजांकडे गेली, पेडणे १७८८ साली. त्याआधी सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल. राज्य बदललं तरी देवळं राहिली, वतनं राहिली, आणि मराठी राहिली. देवळाच्या चौकात शेणैमामांची शाळा भरायची, मोडी आणि बाळबोध शिकवली जायची. पेडण्याशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे त्या संत सोहिरोबानाथ आंबियेंची पदं आपल्याकडे तोंडातून तोंडात आणि वहीतून वहीत गेली.

ही 'वही' लक्षात ठेवा. आमच्या घरात आजोबांची भजनाची वही होती. काळ्या पुठ्ठ्याची, कडा खाल्लेली. कोणाकडून कोणतं पद उतरवून घेतलं ते त्यांनी समासात लिहून ठेवलं होतं. कुठं चाल आठवावी म्हणून खूण, कुठं शेजारच्या भजनीबुवाशी झालेल्या वादाची नोंद. भाचीच्या भाषेत सांगायचं तर ते एकट्यानं केलेलं झीनच. दुसरा प्रकार नाटकाचा. जत्रेतल्या नाटकाचं पुस्तक सगळ्या गावात एकच. त्यातून प्रत्येकाचं भाषण वेगळं उतरवून द्यायचं, ती 'नक्कल'. माझ्या काकांची नक्कल पोरसात पाणी शिंपताना पाठ व्हायची. तिच्यावर त्यांनी स्वतःची वाक्यं घुसडलेली असत, आणि पुढच्या वर्षी नवा नट तीच नक्कल पाठ करायचा. अशानं मूळ नाटककाराला न विचारता नाटक पेडण्याचं होऊन जायचं.

मग छपाई का नाही? पैसा नव्हता, हे एक. दुसरं कारण सरकार. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आलं तेव्हा गोव्यात मोकळा वारा सुटला. केप्यातून गोविंद पुंडलीक हेगडे देसाईंनी १९१२ साली 'भारत' काढलं. पण १९२६ साली लिस्बनमध्ये लष्करी सत्ता आली, मग सालाझार, आणि छापायच्या प्रत्येक ओळीवर सेन्सॉर बसला. लग्नपत्रिकासुद्धा आधी मंजूर करून घ्यावी लागे. माझ्या आजीच्या तोंडी एक वाक्य असायचं, "छापलें तें सरकाराचें, लिवलें तें घरचें." त्यात सगळं आलं. घरच्या वहीला मंजुरी लागत नव्हती. अर्थात सत्याग्रहाची पत्रकं घरात सापडली तर तुरुंगच, आणि पत्रादेवी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. १५ ऑगस्ट १९५५ ला तिथं नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या, ते आमच्या वडीलधाऱ्यांनी अनुभवलेलं. त्यामुळे हातानं लिहिलेला कागद जपायचा आणि वेळ आली तर चुलीत घालायचा, दोन्ही त्यांना ठाऊक होतं.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. १९६२ साली 'गोमन्तक' दैनिक सुरू झालं. १९६३ च्या निवडणुकीनंतर भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि गावोगाव मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. मी त्या शाळांत शिकलेल्या पहिल्या काही फळ्यांतली. माझ्या वर्गात अशी कितीतरी मुलं होती, ज्यांच्या घरात त्यांच्याआधी कोणी पाटी धरली नव्हती. आता तुम्हीच सांगा, अशा मुलाचं नाव अनुक्रमणिकेत काळ्या शाईनं लिहिलेलं त्याच्या आईबापांनी पाहायचं, ही काय साधी गोष्ट होती? वाचता येत नसलेल्या आया त्या नावावरून बोट फिरवायच्या. मी पाहिलंय.

अक्षर बरं म्हणून लेखनाचं काम माझ्याकडे. म्हणजे सगळ्यांनी आपापल्या वहीच्या कागदावर मजकूर द्यायचा आणि मी तो एकाच वळणाच्या अक्षरात उतरवायचा. हस्तलिखिताची शोभा म्हणजे सुवाच्य, एकसारखं अक्षर, असं सगळ्यांना वाटायचं. मलाही.

वर्गात मोपाच्या सड्याच्या पायथ्याकडून चालत येणारा एक मुलगा होता. घरी गुरं. सकाळी गुरं सड्यावर नेऊन, मग शाळा. त्याच्याकडे मजकूर मागितला तर म्हणाला, "माका लिवपाक येना." मी म्हटलं, तुला जे येतं ते लिही. चार दिवसांनी त्यानं चौरेघी वहीचे दोन कागद आणून दिले.

त्यानं सड्याविषयी लिहिलं होतं. कोणता खडक, त्याला काय म्हणतात, तिथं पावसाळ्यात पाणी कुठवर साठतं. कोणती झर माघापर्यंत टिकते, कोणती शिगम्याआधी आटते. कोणत्या घळीत गाय व्यालेली, कुठं रात्री थांबायचं नाही आणि का. जवळजवळ पंधरा जागा, प्रत्येकीचं नाव. लिहिलं होतं आपल्या बोलीत, जसा तो बोलायचा तसंच.

मास्तरांनी मला फक्त "शुद्धलेखन बघ हं" एवढंच सांगितलं होतं. बाकीचं सगळं माझं कर्तृत्व. प्रत्येकाला एक पान, म्हणून मी दोन कागदांचं एक पान केलं. 'सडो'चं 'पठार' केलं, 'व्हाळ'चा 'ओढा' केला. नावं विचित्र वाटली, म्हणून ती सगळी गाळली आणि लिहिलं, 'येथे अनेक झरे व खडक आहेत.' शेवटी निसर्गाच्या रम्यतेवर दोन वाक्यं स्वतःची घातली. सुंदर अक्षरात उतरवलं. भोवती वेलबुट्टी काढली.

अंक वर्गात फिरत त्याच्याकडे आला. त्यानं आपलं पान वाचलं. पुन्हा वाचलं. माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "हें माजें न्हय." राग नव्हता. मला वाटलं, एवढं छान केलं तर याला कौतुक नाही! त्याचे मूळ दोन कागद मी तेव्हाच टाकून दिले होते. दहावीला तो बसलाच नाही, शाळा सुटली.

हस्तलिखितांचं वेड काही आपल्यापुरतं नव्हतं. अमळनेरला साने गुरुजी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात 'छात्रालय' नावाचं दैनिक चालवायचे, हातानं लिहिलेलं, मुलांसाठी. वाचक किती, तर वसतिगृहात राहणारे. पण त्या मुलांना सकाळी ते वाचल्याशिवाय चैन पडत नसे. मुंबईत १९५४ साली अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ या पोरसवदा मित्रांनी 'शब्द' काढलं, सायक्लोस्टाईल करून. साठीच्या दशकात अशोक शहाणेंचं 'असो', मग 'वाचा', 'फक्त', राजा ढालेंचं 'येरू' अशी अनियतकालिकं आली. नावातच सांगून टाकलेलं की नेमानं निघणार नाही. मोठ्या मासिकांचे संपादक जे छापणार नाहीत ते यांनी स्वतः छापलं, आणि मराठी कविता त्यातून बदलली. आम्हाला पेडण्यात त्याचा पत्ताही नव्हता. मला हे सगळं पुढे डिचोलीच्या वाचनालयात बसून कळलं.

बाहेरच्या जगातही तेच. अमेरिकेत विज्ञानकथांच्या वेड्यांनी १९३० पासून आपली चोपडी काढली. 'फॅनझीन' हा शब्द १९४० चा, त्याचंच शेपूट 'झीन'. रशियात १९६८ पासून पंधरा वर्षं माणसं टंकयंत्रात कार्बन घालून अटकेच्या बातम्यांचं पत्र काढत होती. ज्याला प्रत मिळेल त्यानं आणखी प्रती टंकून पुढे द्यायच्या. लंडनमध्ये १९७६ साली, म्हणजे आम्ही मोरचूद कालवत होतो त्याच वर्षी, एका बँकेतल्या कारकुनानं पंक संगीतावर 'स्निफिन ग्लू' काढलं, स्केचपेनानं मथळे लिहून. आणि एक पद्धत तर मला फारच आवडली. अमेरिकेत १८७६ पासून हौशी छापणाऱ्यांचे संघ आहेत. तिथं प्रत्येक सभासद आपलं पान आपणच छापतो, जेवढे सभासद तेवढ्या प्रती एका जागी पाठवतो, आणि तिथं फक्त गठ्ठे बांधले जातात. कोणी कोणाचं पान सुधारत नाही. हे वाचलं तेव्हा मला ते चौरेघी कागद आठवले.

१९८४ साली लग्न होऊन मी डिचोलीला आले. पेडण्याची मुलगी डिचोलीत म्हणजे आधी बोलीवरून चिडवून घ्यायचं! पेडण्यात शेती, काजू, नाटक. डिचोलीत तांब्यापितळेची भांडी, कुंभारकाम, शिरगावची लईराई, नार्व्याचा सप्तकोटेश्वर. आणि या सगळ्यावर खाण. घरटी एक माणूस खाणीवर, नाहीतर ट्रकवर, नाहीतर ट्रकच्या गॅरेजात. खनिज भरलेले ट्रक सारमानसच्या धक्क्याकडे जायचे, तिथून बार्जेस मांडवीतून मुरगावला. जेवण त्याच्यावर, म्हणून तोंड बंद.

आमची अकरा बायकांची भिशी होती. १९९५-९६ च्या सुमाराची गोष्ट. एकदा मी हस्तलिखिताच्या गमती सांगत होते. एकजण म्हणाली, आपण काढूया की! मी म्हटलं, काढू, पण एका अटीवर. प्रत्येकीनं आपलं पान आपल्याच अक्षरात लिहायचं. मी कोणाचं उतरवणार नाही, कोणाचं सुधारणार नाही.

पहिल्यांदा सगळ्या लाजल्या. "आमचें अक्षर? कावळ्याचे पाय!" मग हळूहळू कागद यायला लागले. एकीनं सासूकडून ऐकलेल्या फुगड्या लिहिल्या. एकीनं माटोळीला लागणाऱ्या रानफळांची यादी दिली, कोणतं कुठं मिळतं त्यासकट. एकीनं चक्क तक्रार लिहिली की भिशीला कोणीच वेळेवर येत नाही. एकीला लिहिता येत नव्हतं. तिनं पान भरून ठिपक्यांची रांगोळी काढली आणि खाली अंगठा उठवला. म्हणाली, "हें माजें पान."

आणि एक पान निनावी आलं. धुळीचं. दोरीवर घातलेले पांढरे कपडे तांबडे कसे होतात. तुळशीची पानं पुसून मग हळदकुंकू कसं वाहावं लागतं. पहिल्या पावसात खाणीवरून आलेला गाळ मेरा ओलांडून शेतात कसा बसतो, आणि त्या वर्षी भात कसं पोचट येतं. मुलाचा खोकला. शेवटचं वाक्य मला अजून पाठ आहे: 'ट्रक आमचाच आहे, म्हणून कोणाला सांगू?'

बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात चाळीस प्रती काढल्या, पानाला रुपया. स्टेपल मारले. अंक घरोघरी गेले. नाव नसलं तरी काय, अक्षर सगळ्यांच्या ओळखीचं! आपल्या हातानं लिहिण्याची ही दुसरी बाजू. दोन दिवसांत कळलं की तिच्या घरी मोठं भांडण झालं. नवरा म्हणाला, बँकेचा हप्ता कोण भरणार? दोन महिने ती भिशीला आली नाही. मला वाटलं, चुकलं आपलं. छापील पेपरात असतं तर तिच्यामागे निदान संपादक उभा राहिला असता. इथं तिच्या पाठीशी कोण? आम्ही दहाजणी, त्यातल्या सहाजणींचे नवरे खाणीवर.

तिसऱ्या महिन्यात ती आली. बसली, चहा घेतला. मग म्हणाली, "दुसरो अंक केन्ना?" तिच्या सासऱ्यानं, जो आयुष्यभर शेतात राबला होता, त्यानं नातवाकडून ते पान वाचून घेतलं होतं आणि म्हटलं होतं, खरं तेच लिहिलंय.

आमचे एकूण तीन अंक निघाले. मग कोणाची मुलं दहावीला, कोणाची बदली, आणि बंद पडलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे. २०१२ साली शहा आयोगाचा अहवाल आला, खाणी थांबल्या. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं. वर्तमानपत्रांत पानंच्या पानं भरून आली, आकडे आले, दोन्ही बाजूंचे मोर्चे आले. डिचोलीत ट्रक दारात गंजत उभे राहिले, तेही दुःख मी पाहिलंय, ते लहान नव्हे. पण 'ट्रक आमचाच आहे, म्हणून कोणाला सांगू' हे वाक्य मला कुठल्या अहवालात सापडलं नाही. ते आमच्या स्टेपल मारलेल्या अंकात आहे. चाळीस प्रती होत्या म्हणून आहे. माझी प्रत पावसात भिजून गेली होती, शेजारणीकडून पुन्हा झेरॉक्स करून घेतली.

शाळेच्या हस्तलिखिताचं तसं नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी आमच्या शाळेत गेले, त्या कपाटाची चौकशी केली. कळलं की इमारतीच्या कामात कपाटं हलवली, वाळवी लागलेले जुने कागद टाकून दिले. कोणाला दोष देऊन उपयोग नाही. नोंद नाही, यादी नाही, ज्यानं टाकले त्याला ते काय आहेत हे कळायचं कारण नव्हतं. वीसेक वर्षांची हस्तलिखितं, प्रत्येकाची एकच प्रत. मोरचूद कसरीला चालतो, पण माणसांच्या विसराळूपणाला कुठला मोरचूद घालणार?

आणि सडा? तोही तसा राहिला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये मोपाच्या विमानतळाचं उद्घाटन झालं, जानेवारी २०२३ पासून विमानं उतरू लागली. मी स्वतः तिथून मुलाकडे बंगळूरला गेले आहे, सोय झाली हे नाकारत नाही. पण पहिल्यांदा तिथल्या काचेच्या भिंतीपाशी उभी राहिले तेव्हा मनात एकच आलं: त्या पंधरा नावांपैकी मला एकही आठवत नाही. मी ती वाचली होती. माझ्या हातात होती. आणि मी लिहिलं, 'अनेक झरे व खडक'.

भाची झीन देऊन गेल्यावर मी ठरवलं. पुनवेला पेडण्याला गेले. पुनवेच्या गर्दीत तो भेटणार हे माहीत होतं, गावातली माणसं पुनव चुकवत नाहीत. भेटला. केस पांढरे, हात तसेच राकट. मी सगळं सांगितलं, माफी मागितली. त्याला आधी आठवेचना. मग हसला. "तें पान? तुजें अक्षर बरें आसलें," म्हणाला. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांनी!

मी विचारलं, नावं आठवतात? तो बोटांवर मोजायला लागला. सात आली. मग शेजारी उभ्या असलेल्या चुलतभावाला हाक मारली, त्यानं दोन सांगितली. नऊ. बाकीची सहा गेली. म्हणाला, "आता थंय विमान देंवता, कोणाक विचारतलो?"

भाचीनं शिकवल्याप्रमाणे मी एक कागद घडी करून त्याला दिला. आठ पानं. म्हटलं, तू लिही, तुझ्या अक्षरात, तुझ्या बोलीत, मी एक काना हलवणार नाही. त्यानं दोन संध्याकाळी बसून लिहिलं. बॉलपेनानं, ओळी तिरक्या, मधे खोडलेलं. एका पानावर झर कशी वळते त्याची रेघ काढली. भाचीनं त्याच्या तीस प्रती काढल्या. त्याच्या सांगण्यावरून त्या वारखंड, उगवे, कासारवर्णे, चांदेल इथल्या जुन्या गुराख्यांच्या घरी दिल्या. दोन ठिकाणांहून निरोप आला की आणखी दोन नावं आठवली आहेत. म्हणजे आता अकरा. पुढची आवृत्ती निघेल.

ती नावं मी इथं लिहिणार होते. त्याला विचारलं तर म्हणाला, "फोनार घालूं नाका. जांका खबर आसा तांच्या हातांत दी." म्हणून देत नाही. पान त्याचं आहे. एकदा मी त्याचं न ऐकता केलं होतं, पुन्हा नाही.

भाचीनं मला विचारलं होतं, मावशी, तीस जण वाचणार, त्यात काय मिळतं? आता उत्तर देता येईल. ज्यांच्यासाठी लिहिलं त्या तीस जणांनी वाचलं, आणि त्यातल्या दोघांनी उत्तर दिलं. मोठ्या पुस्तकाचं याहून जास्त काय होतं?

आता तुमच्याकडे मागणं. पेडणे, डिचोली, सत्तरी, बार्देस, कुठलेही असा. घरी माळ्यावर, ट्रंकेत, देवघराच्या खाली शाळेचं हस्तलिखित, भजनाची वही, नाटकाची नक्कल, मंडळाचा सायक्लोस्टाईल अंक असेल तर काढा. उन्हात नको, सावलीत वाळवा. प्रत्येक पानाचा फोटो घ्या, समासातल्या खुणांसकट. कोणी लिहिलं, केव्हा, कुठल्या वाड्यावर, एवढं एका चिठ्ठीवर लिहून आत ठेवा. शक्य असेल तर दोन झेरॉक्स काढून दोन वेगळ्या घरांत द्या. आणि हात जोडून सांगते, शुद्धलेखन तपासू नका.

लिहिणारा हयात असेल तर आधी त्याला दाखवा. "हें माजें" म्हणाला, तरच पुढे द्या.